पक्क्या रंगाचा सौदागर

बँकेतून निवृत्त झालेला माणूस परदेशी गेला, तरी त्याच्या दोन खोडी सुटत नाहीत. एक म्हणजे प्रत्येक किंमत मनातल्या मनात रुपयांत मोजणे आणि दुसरी म्हणजे समोर दिसेल त्या धंद्याचा ताळेबंद मांडत बसणे. चार वर्षांपूर्वी आम्ही उभयता बँकॉकला गेलो, तेव्हा माझ्या या दोन्ही खोडींना ऊत आला होता. देवळे पाहून झाली, नदीतून नावेने हिंडून झाले, आणि मग सौभाग्यवतीने रेशमाचा विषय काढला. थायलंडला जाऊन रेशीम न पाहणे म्हणजे येवल्याला जाऊन पैठणी न पाहण्यासारखे आहे, असे तिचे मत पडले. अशा मतांपुढे माझे काही चालत नाही, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

अशा रीतीने आम्ही जिम थॉम्पसनच्या घरी पोहोचलो. शहराच्या ऐन गर्दीत, एका गल्लीच्या टोकाशी, सेन सेप नावाच्या कालव्याच्या काठावर हे घर आहे. सागवानी लाकडाचे, उतरत्या छपरांचे, झाडीत दडलेले. घरधनी १९६७ साली जो नाहीसा झाला तो आजतागायत सापडलेला नाही. अंगणात एक बाई पातेल्यात पिवळेधमक कोष उकळत बसल्या होत्या. लाकडी काटकीने त्या कोष दाबत होत्या आणि दुसऱ्या हाताने त्यातून निघणारा धागा हळूहळू वर ओढत होत्या. उकळत्या कोषांचा तो उग्र वास नाकात शिरला आणि मला एकदम दुसऱ्याच एका माणसाची आठवण झाली.

१९८८ साली माझी बदली विणकरांच्या एका तालुक्याच्या गावी झाली होती. शाखेत लहान कर्जांचे टेबल माझ्याकडे होते. एके दिवशी धोतर-टोपीतले एक वृद्ध रंगारी अर्ज घेऊन आले. पाच हजार रुपये हवे होते. तांब्याची दोन भांडी, लाख, मंजिष्ठा, डाळिंबाची साल, तुरटी असा खर्चाचा तपशील होता. रेशमाच्या लडी जुन्या पद्धतीने रंगवायच्या त्यांच्या मनात होत्या. मी त्यांना एकच प्रश्न विचारला. या महिन्यात दिलेली छटा पुढच्या महिन्यात तंतोतंत तशीच देता येईल का? म्हातारबुवा सरळ मनाचे होते. पाणी बदलते, ऋतू बदलतो, तशी छटाही थोडी बदलते, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. मी अर्जावर लाल शाईने शेरा मारला की, उत्पादनात सातत्य नाही. अर्ज नामंजूर झाला. ते पुन्हा बँकेत आले नाहीत.

थॉम्पसनचे चरित्र वाचताना माझ्या लक्षात आले की, हाच प्रश्न त्यानेही विचारला होता. माझ्या आधी चाळीस वर्षे. म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटते.

जेम्स हॅरिसन विल्सन थॉम्पसन याचा जन्म २१ मार्च १९०६ रोजी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, ग्रीनव्हिल येथे झाला. पाच भावंडांत हा शेंडेफळ. वडिलांचा कापड गिरण्यांचा व्यवसाय होता. आईचे वडील अमेरिकन यादवी युद्धात नाव कमावलेले सेनापती. घरात पैसा, प्रतिष्ठा आणि शिस्त या तिन्ही गोष्टी भरपूर होत्या. १९२८ साली तो प्रिन्स्टन विद्यापीठातून पदवीधर झाला. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकायला गेला, पण ते शिक्षण त्याने पुरे केले नाही. तरीही १९३१ पासून १९४० पर्यंत न्यूयॉर्कमध्ये एका वास्तुशास्त्रज्ञांच्या कंपनीत राहून तो श्रीमंतांची घरे रेखत होता. नृत्यनाट्यांचा त्याला भारी नाद. रंगमंचावरचे पडदे, वेशभूषा, रंगसंगती यांत तो रमायचा. थोडक्यात सांगायचे, तर चाळिशीकडे झुकलेला, रसिक, मिठ्ठास बोलणारा आणि आयुष्यात नेमके काय करायचे हे अजून न ठरलेला असा हा गृहस्थ होता. अशी माणसे आपल्या नात्यागोत्यातही असतात. आपण त्यांच्याविषयी काळजीच्या सुरात बोलत असतो.

महायुद्धाने त्याला हलवले. सैन्यात गेल्यावर तो ओएसएस या अमेरिकन हेरसंस्थेत दाखल झाला. पुढे सीआयए निघाली, तिची ही पूर्वज. उत्तर आफ्रिका, इटली, फ्रान्स असा फिरत फिरत तो १९४५ मध्ये श्रीलंकेला, म्हणजे त्या वेळच्या सिलोनला आला. जपान्यांच्या ताब्यातल्या थायलंडात विमानातून उडी मारायची आणि तिथल्या भूमिगत चळवळीला मदत करायची, अशी कामगिरी ठरली होती. ती मोहीम निघता निघता जपानने शरणागती पत्करली आणि छत्रीने उतरायचा तो माणूस सरळ पायांनी बँकॉकात उतरला. आता युद्ध संपले, आपले काम संपले, घरी परत जा, असा तो क्षण होता. पण घर म्हणावे असे मागे फारसे उरलेच नव्हते. १९४३ साली केलेले लग्न युद्धानंतर लवकरच मोडले. शहर मात्र त्याला आवडले होते. कालवे, देवळांची सोनेरी शिखरे, हसतमुख माणसे. तो राहिला.

आधी त्याने ओरिएंटल या जुन्या, युद्धात खंगलेल्या हॉटेलच्या पुनरुज्जीवनात भाग घेतला. पण भागीदारांशी पटले नाही आणि तो बाहेर पडला. या सुमारास देशात हिंडताना त्याच्या हाती जुन्या रेशमाचे तुकडे लागू लागले.

हे रेशीम म्हणजे काय प्रकरण होते, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. थायलंडच्या ईशान्येला इसान नावाचा कोरडा, गरीब पठारी मुलूख आहे. तिथली घरे लाकडी खांबांवर उंच उभारलेली. वर माणसे राहत आणि खाली, सावलीत, माग मांडलेला असे. भाताची कापणी झाली की बायका मागावर बसत. तुतीची पाने घालून किडे पाळायचे, कोष उकळून धागा काढायचा, रंगवायचा, विणायचा, हे सगळे घरच्या घरी. तिथल्या देशी किड्याचा कोष पिवळा असतो आणि धागा थोडा गाठाळ. आपल्याकडच्या गुळगुळीत रेशमासारखा तो नसतो. उजेडात धरला की त्या गाठींवर प्रकाश अडखळतो आणि कापड जिवंत दिसते.

रंग देण्याआधी धाग्यावरचा डिंक काढावा लागतो. त्यासाठी झाडपाला जाळून केलेल्या राखेचे निवळ पाणी घ्यायचे आणि त्यात लडी उकळायच्या. यात धाग्याचे वजन जवळजवळ पाव भागाने घटते, पण त्याशिवाय रेशमाला चमक नाही आणि रंगही आत शिरत नाही. मग रंगांची पाळी. लाल रंग लाखेचा. झाडाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी पुटे चढवतात, ती खरवडून, कुटून, पाण्यात भिजवून गाळायची. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर लाख होते, तीच ही लाख. त्या लाल पाण्यात चिंचेचा आंबटपणा आणि तुरटी घातली की रंग रेशमाला घट्ट धरतो. पतंगाच्या लाकडाचाही एक लाल रंग असतो. हे लाकूड अयुथ्थया राजधानी असल्यापासून सयाममधून जहाजे भरभरून परदेशी जात असे. पिवळा रंग फणसाच्या खोडाच्या गाभ्याचा. बौद्ध भिक्षूंची वस्त्रे त्याच रंगात रंगवत. केशरी रंग शेंद्रीच्या बियांचा. काळा रंग टेंभुर्णीच्या जातीतल्या माक्लुआ नावाच्या झाडाच्या हिरव्या फळांचा. ती फळे कुटून त्या रसात धागा बुडवायचा, उन्हात वाळवायचा, पुन्हा बुडवायचा. असे कित्येक दिवस केले की हवा आणि ऊन मिळून त्याला काळाभोर करतात.

आणि निळा रंग निळीचा. निळीची पाने पाण्यात कुजवून, चुना घालून, तळाशी बसलेला गाळ राखेच्या पाण्याबरोबर रांजणात आंबवतात. हा रांजण जिवंत मानला जातो. त्याला रोज ढवळावे लागते, हुंगावे लागते, चाखावेसुद्धा लागते. दुर्लक्ष झाले की तो मरतो आणि मेलेला रांजण रंग देत नाही. रांजणातून बाहेर काढलेला धागा आधी पिवळट हिरवा असतो आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळा होतो. ज्यांच्या घरी दही लावणारी आजी होती, त्यांना या सगळ्या उस्तवारीची कल्पना येईल. मापे कुठे लिहिलेली नसत. ती हातात असत.

विसाव्या शतकात ही विद्या मागे पडू लागली होती. परदेशी गिरण्यांचे स्वस्त कापड आणि पुडीतले रंग खेड्यापाड्यांत पोहोचले होते. राजा चुलालोंगकोर्न यांनी शतकाच्या आरंभी जपानी तज्ज्ञ बोलावून रेशीम उद्योग सुधारायचा प्रयत्न केला, पण तो टिकला नाही. थॉम्पसन आला तेव्हा बँकॉकमध्ये रेशीम विणणारी वस्ती म्हणावी अशी एकच उरली होती. तिचे नाव बान क्रुआ. इथले विणकर चाम मुसलमान. त्यांचे पूर्वज राजा पहिला राम याच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस, कंबोडियाकडून येऊन कालव्याकाठी वसले होते. त्यांच्यातही बहुतेकांनी माग बंद करून दुसरी कामे धरली होती. कारण सरळ होते. विकत घेणारा कोणी नव्हता.

थॉम्पसनने काही विणकरांना पुन्हा मागावर बसायला राजी केले आणि १९४७ मध्ये कापडाचे नमुने पेटीत भरून तो न्यूयॉर्कला गेला. फ्रँक क्राउनिनशील्ड नावाचे एक जुने, वजनदार संपादक त्याच्या परिचयाचे होते. त्यांनी त्याची गाठ व्होग मासिकाच्या संपादिका एडना वूलमन चेस यांच्याशी घालून दिली. कापड टेबलावर पसरले आणि बाई खूश झाल्या. लवकरच त्या रेशमाचा पोशाख व्होगच्या पानावर झळकला. १९४८ च्या अखेरीस बँकॉकात थाई सिल्क कंपनी स्थापन झाली. तिचे निम्म्याहून अधिक भाग थाई लोकांकडे होते. एका परदेशी माणसाने त्या काळात हे करावे, याचे माझ्यातल्या बँकवाल्याला विशेष वाटते.

आणि इथेच तो प्रश्न आला.

न्यूयॉर्कचा व्यापारी शंभर वार मागवतो, तेव्हा त्याला शंभराच्या शंभर वार एकाच छटेचे हवे असतात. सहा महिन्यांनी पुन्हा मागवले, तरी पहिल्या नमुन्याशी जुळणारे हवे असतात. पडद्याला लावलेले कापड उन्हात विटता कामा नये आणि धुतल्यावर एकाचा रंग दुसऱ्याला लागता कामा नये. गावातली बाई स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी रंगवते, तेव्हा यातले काहीच अडत नाही. तिच्या दोन लडींत थोडा फरक पडला, तर ती तो विणताना खुबीने लपवते. शिवाय झाडपाल्याचे सगळेच रंग काही सारखे पक्के नसतात. निळ आणि लाख टिकतात, पण हळदीचा रंग उन्हात किती दिवस राहतो, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. थॉम्पसनने हिशेब केला आणि निर्णय घेतला. स्वित्झर्लंडहून पक्के रासायनिक रंग मागवले. विणकरांना ते तोलायचे कसे, किती ताप द्यायचा, हे शिकवले. रुंद पन्ह्याचे, पायांनी चालवायचे माग आणले. बान क्रुआतल्या कालव्याकाठी लडी वाळत पडू लागल्या त्या झगझगीत गुलाबी, नारिंगी, मोरपंखी, जांभळ्या. लाखेचे आणि फणसाचे पाणी चुलीवरून उतरले.

त्याची रंगांची नजर अफाट होती, हे त्याचे टीकाकारही मान्य करतात. कोणी कल्पना करणार नाही असे दोन रंग तो शेजारी ठेवायचा आणि ते खुलून दिसायचे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन धूपछाव कापड विणणे ही तिथली जुनी रीत. तिला त्याने नवे रूप दिले. भडक रंगांची आवड तरी त्या देशाला नवी कुठे होती? जुन्या सयामी रीतीप्रमाणे वारांनाही रंग आहेत. सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार नारिंगी, शुक्रवार निळा, शनिवार जांभळा आणि आपला हा रविवार लाल. थॉम्पसनने फक्त रंगाचा उगम बदलला. झाडाऐवजी तो डब्यातून येऊ लागला.

१९५१ मध्ये द किंग अँड आय ही संगीतिका न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आली. कथा सयामच्या दरबारातली. वेशभूषाकार आयरीन शॅराफ यांनी तिच्यासाठी थॉम्पसनचे रेशीम वापरले. नाटक तुफान चालले आणि थाई रेशीम हे शब्द अमेरिकेतल्या घराघरांत गेले. पाच वर्षांनी त्यावर चित्रपट निघाला. बँकॉकला येणारा प्रत्येक मोठा पाहुणा आता थॉम्पसनच्या दुकानात डोकावू लागला.

पैसा आला, पण एक गोष्ट त्याने सोडली नाही, ती मला फार महत्त्वाची वाटते. त्याने विणकरांना कारखान्यात कोंडले नाही. ते आपापल्या घरी, आपापल्या मागावर बसत. बहुतेक बायका. चूलही सांभाळायची आणि मागही. थॉम्पसन रोज सकाळी कालवा ओलांडून वस्तीत जायचा. घराघरांत थांबून कापड बघायचा, रंग चुकला असेल तर सांगायचा, जमला असेल तर तेही सांगायचा. कंपनीचे भाग विणकरांपर्यंतही पोहोचले. ज्या वस्तीतले तरुण माग मोडून बाहेर पडत होते, त्या वस्तीत पक्की घरे आणि मुलांच्या शाळेची फी दिसू लागली.

त्याने स्वतःसाठी बांधलेले घर या वस्तीच्या अगदी समोर, कालव्याच्या अलीकडच्या काठावर आहे. निरनिराळ्या गावांतली जुनी सागवानी घरे विकत घेऊन, सुटी करून, पाण्यातून वाहून आणून त्याने ती इथे जोडली. काही अयुथ्थयाकडची, तर दिवाणखान्याचे घर बान क्रुआतल्याच विणकराचे. १९५९ साली तो तिथे राहायला गेला. काही भिंती त्याने मुद्दाम उलट्या बसवल्या आहेत. बाहेरची नक्षी त्यामुळे आतून दिसते. अर्धवट सोडलेल्या वास्तुशास्त्राने उतारवयात त्याला असा हात दिला. रोज रात्री जेवायला पाहुणे. माणसे यायची ती घर पाहायला, मूर्ती पाहायला आणि यजमानाच्या गप्पा ऐकायला. पाहुणे गेले की मात्र त्या मोठ्या घरात तो, त्याचे नोकर आणि एक पाळलेला काकाकुवा एवढेच उरत.

सुखाला दृष्ट लागली ती १९६२ साली. त्याच्या संग्रहातली चुनखडी दगडाची काही बुद्धशिरे सी थेपजवळच्या एका गुहेतून चोरीने काढलेली आहेत, असे म्हणून सरकारच्या ललितकला खात्याने ती परत मागितली. थॉम्पसनने ती व्यापाऱ्यांकडून विकत घेतली होती. ती त्याला द्यावी लागली. या देशासाठी आपण एवढे केले आणि शेवटी चोर ठरलो, हे शल्य त्याला लागले. घर आणि संग्रह थायलंडातच एका विद्वत्संस्थेला देण्याचे मृत्युपत्र त्याने बदलले आणि सारे अमेरिकेतल्या पुतण्याच्या नावे केले. इथे मला दोन्ही बाजू दिसतात. गुहेतला बुद्ध कोणाच्या दिवाणखान्यात असू नये, हे खरेच आहे. आणि ज्याने आयुष्य ओतले, त्याला एक दिवस परका म्हटले जाते, तेव्हा काय होते, हेही समजू शकते.

१९६७ च्या मार्चमध्ये तो मलेशियातल्या कॅमेरॉन हायलँड्स या थंड हवेच्या ठिकाणी मित्रांकडे गेला. आपले महाबळेश्वर असावे तशी ही जागा. डोंगर, चहाचे मळे, भोवती दाट जंगल. बंगल्याचे नाव मूनलाइट कॉटेज. २६ मार्च, ईस्टरचा रविवार. सकाळी सगळे प्रार्थनेला गेले, मग वनभोजन झाले. दुपारी परतल्यावर बाकीची मंडळी आपापल्या खोल्यांत आडवी झाली. साडेतीनच्या सुमारास बाहेरच्या वाटेवर पावले वाजल्याचे घरातल्यांना ऐकू आले. मागे त्याच्या सिगारेटी आणि औषधाच्या गोळ्या राहिल्या होत्या. दूर जायचा विचार असता, तर त्या त्याने नेल्या असत्या. तो परत आला नाही. वय होते एकसष्ट.

शेकडो पोलीस, सैनिक, जंगलाची नस न् नस माहीत असलेले आदिवासी, कुत्री, हेलिकॉप्टर, सगळे कामाला लागले. अतींद्रिय ज्ञानाचा दावा करणारेही आले. चिंधीसुद्धा सापडली नाही. वाघाने नेले, दरीत पडला, कुणी पळवले, जुन्या हेरगिरीचे वैर उगवले, स्वतःच्या मर्जीने नाहीसा झाला, अशा नाना कहाण्या निघाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत त्याच्या बहिणीचा घरात खून झाला, तेव्हा तर अफवांना पूर आला. दोन्ही घटनांचा संबंध कधी सिद्ध झाला नाही. १९७४ साली कायद्याने त्याला मृत ठरवले. १९७६ साली त्याच्या नावे प्रतिष्ठान स्थापन झाले आणि घर कायमचे लोकांसाठी राहिले. रेशमाची कंपनीही चालू राहिली आणि पुढे इसानमधल्या पाक थोंग चाई इथे तिचे मोठे कारखाने झाले.

लोक त्याच्या नाहीसे होण्याचे गूढ चघळत बसतात. मला मात्र त्या घराच्या ओट्यावर बसून नाहीशा झालेल्या रंगांचे गूढ छळत होते. त्याने त्या रंगांना मारले की वाचवले?

हिशेब मांडायचा तर असा. पुडीतले रंग त्याने आणले नाहीत, ते आधीच आले होते. पण बँकॉकातल्या उत्तम विणकरांकडे जी थोडी जुनी विद्या शिल्लक होती, तिची गरज त्याच्या यशाने संपवली. ज्या रंगाला बाजारात किंमत नाही, तो कोण कशाला शिकवील? ही झाली नावेची बाजू. जमेची बाजू अशी की, रेशीम हाच धंदा उरला नसता, तर रंगवायचे तरी काय होते? माग जगले म्हणून रंग परत येऊ शकले. आणि ते आले. इसानच्या आतल्या गावांत, जिथे कंपनीचा माणूस पोहोचला नव्हता, तिथे म्हाताऱ्या बायकांनी लाखेची पातेली आणि निळीचे रांजण टिकवून धरले होते. धागा आधी गाठी मारून रंगवायचा आणि मग विणायचा, ही मुद्मी नावाची तिथली खास कला. आपल्या पटोळ्याची ती बहीण. १९७० नंतर राणी सिरिकीत यांचे लक्ष या कलेकडे गेले आणि १९७६ साली त्यांनी हस्तकलांसाठी प्रतिष्ठान काढले. पुढे सकोन नखोनची निळ पुन्हा नावारूपाला आली. आज नैसर्गिक रंगाचे थाई रेशीम रासायनिक रंगाच्या रेशमाहून महाग विकले जाते. दोन लडी एकसारख्या नसणे हा जो तेव्हा दोष होता, त्याचेच आता दाम मोजले जातात.

सौ.ने त्या प्रवासात दोन ओढण्या घेतल्या. एक थॉम्पसनच्या दुकानातली, झगझगीत गुलाबी. दुसरी इसानच्या बायकांच्या मालाचे एक छोटे दुकान सापडले तिथली, लाखेच्या रंगाची. चार वर्षांत गुलाबीचा रंग तसूभर हललेला नाही. लाखेची थोडी निवली आहे, विड्याने रंगलेले ओठ संध्याकाळी दिसतात तशी. सौ. दोन्ही वापरते. कोणती अधिक चांगली, असे विचारले तर ती माझ्याकडे अशा नजरेने पाहते की, हा प्रश्न पुरुषालाच सुचू शकतो.

राहता राहिले ते आमचे रंगारी. इतकी वर्षे मी स्वतःची समजूत घालत होतो की, नियमाने जे योग्य तेच मी केले. थॉम्पसनसारख्या रसिकानेही तोच प्रश्न विचारला आणि तेच उत्तर काढले, हे वाचून मला आधी बरे वाटले. पण ओट्यावरून समोरच्या काठाकडे पाहत असताना फरक ध्यानात आला. थॉम्पसनने रंग नाकारला, रंगवणारा माणूस नाकारला नाही. तो कालवा ओलांडून त्याच्या दारात गेला, दुसरा रंग हातात दिला, रोज सकाळी पुन्हा गेला आणि कापड तयार झाले तेव्हा विकतही घेतले. मी फक्त लाल शाईचा शेरा मारला. ते रंगारी ज्या आळीत राहायचे, ती माझ्या शाखेपासून पाच मिनिटांच्या अंतरावर होती. मी त्या गावात तीन वर्षे काढली. त्या आळीत एकदाही गेलो नाही.

परत आल्यावर मी त्या गावी जाऊन आलो. आळी आहे, माग आहेत, रंगाच्या भट्ट्या रासायनिक रंगांच्या आहेत. म्हातारबुवा केव्हाच गेले. त्यांच्या नातवाने मला ओळखायचे काही कारणच नव्हते. त्याने चहा पाजला आणि माळ्यावरून आजोबांची एक लडी काढून दाखवली. गर्द लाल, जरा करड्याकडे झुकलेली. तीस-पस्तीस वर्षे ती फडक्यात बांधून ठेवली होती. मी ती दारातल्या उजेडात नेऊन पाहिली. रंग अजून धरून होता.

अर्जाची गोष्ट मी त्याला सांगितली. तो हसला आणि त्याने चहाचा दुसरा कप पुढे केला.